किरकोळ कामाला कारागीर कसा मिळवायचा

लेटरबॉक्सचं कुलूप बदलायला या म्हणून फोन केला की पलीकडून "बघतो, येतो" असं उत्तर येतं. दुसऱ्या फोनला "उद्या नक्की". तिसरा फोन उचललाच जात नाही. मग आपण म्हणतो, यांना माज आलाय, यांना काम नकोच असतं.

मी डोंबिवलीतल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या खरेदी विभागात होते. आता निवृत्त आहे आणि आमच्या १६ बिऱ्हाडांच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे पद कोणी मागून घेत नाही, गळ्यात पडतं. खरेदीतली सवय म्हणून मी आमच्या प्लंबरकाकांना एकदा त्यांच्या दिवसाचा हिशेब विचारला. वॉशर बदलायचं काम वीस मिनिटांचं. पण त्यासाठी आधी येऊन बघायचं, मग हार्डवेअरच्या दुकानात जायचं, परत यायचं, घरात पाणी बंद करायचा कॉक सापडत नाही म्हणून थांबायचं, शेवटी सुटे पैसे येईपर्यंत दारात उभं राहायचं. सकाळ गेली. त्याचे तीनशे मागितले की, "एवढ्याशा कामाचे?" त्याच सकाळी दुसरीकडे बाथरूमची लाइन टाकायचं दोन दिवसांचं काम असेल तर ते कुठे जातील?

म्हणजे महाग असतं ते त्यांचं येणं, काम नव्हे. हे लक्षात आल्यापासून मी एकच करते: माझ्या दारातली फेरी त्यांना परवडेल अशी करून ठेवते. त्यानंतर माणसं येतात. काही तर स्वतःहून विचारतात, "ताई, काही साठलंय का?"

कामं साठू द्या, पण वेगवेगळी

फ्रिजवर एक कागद लावा. जे बिघडेल ते त्यावर लिहायचं, पण कारागिराप्रमाणे खण पाडून: पाणी, वीज, लाकूड, लोखंड, भिंत. गळता नळ पाण्यात, न वाजणारी बेल विजेत, खाली घासणारं दार लाकडात. एका खणात तीन-चार कामं झाली की फोन करायचा. पाणी गळून खालच्या मजल्यावर जात असेल किंवा बोर्डातून ठिणगी उडत असेल तर अर्थातच साठवत बसायचं नाही, त्याच दिवशी माणूस बोलवायचा आणि तो मागेल ते द्यायचं.

आपल्या एकट्याची कामं पुरेशी होत नसतील तर शेजारी आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिते, "शनिवारी सुतार येतोय, कुणाचं काही आहे का?" एका जिन्यात पाच दारांची कामं मिळाली तर सुतार दिवसाची हजेरी धरतो. तेव्हा प्रत्येकाला पडणारा खर्च सुट्या कामापेक्षा थोडा तरी कमी होतो. आमच्या भागात सध्या चांगला सुतार दिवसाचे हजार-बाराशे घेतो, आणि सुटं एक काम सांगितलं तर दोनशे-तीनशेच्या खाली कोणीच पायरी चढत नाही. हे आकडे आमच्या गल्लीचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील, पण दोन्हींतलं अंतर साधारण असंच निघेल.

आता "सगळं करतो" म्हणणारा माणूस. हल्ली प्रत्येक वस्तीत असा एकजण असतो, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये ड्रिल मशीन. मला हा माणूस आवडतो, कारण मोठ्या कारागिरांना नको असलेली कामं तो हौसेने करतो. पडद्याचे रॉड, भिंतीवरचं घड्याळ, कपडे वाळत घालायची पुली, मच्छरजाळीची चौकट, कडी-कोयंडा, नळाचा वॉशर, लेटरबॉक्स. त्याला देऊ नये अशी चार कामं मात्र पक्की लक्षात ठेवा: बोर्डाच्या आतली वायरिंग, गॅसची पाइप, भिंतीत गाडलेल्या नळाची लाइन आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूचं कुठलंही काम. ही कामं तो नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच सांगायची नाहीत.

लेटरबॉक्स

हे काम सगळ्यांत क्षुल्लक वाटतं, म्हणून ते सगळ्यांत जास्त रखडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि स्पीड पोस्ट सही घेऊन हातात मिळतं, त्यामुळे महत्त्वाचं काही डब्यात येत नाही असं लोक समजतात. पण साध्या टपालाने येणारं अजून बरंच आहे. वर्गणी भरलेली मासिकं, कंपन्यांचे अहवाल, विम्याच्या सूचना, लग्नपत्रिका, शिवाय वीजबिल वाटणारा मुलगा बिल तिथेच टाकतो. डब्याचं दार लोंबकळत असेल तर पोस्टमन ते सगळं जिन्याच्या कठड्यावर ठेवतो आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो.

फक्त कुलूप बिघडलं असेल तर जुनं कुलूप काढून खिशात घालून दुकानात न्या. मागची नट सैल केली की ते पुढून निघतं. दुकानदाराला "लेटरबॉक्सचं कुलूप द्या" म्हटलं तर तो हाताला लागेल ते देईल. पाहायच्या गोष्टी तीन: दाराला असलेलं भोक किती मोठं, कुलपाची लांबी किती आणि मागची जीभ सरळ आहे की वाकडी. या तिन्ही जुळल्या तर तुम्ही स्वतः पेचकस आणि पान्याने ते बसवू शकता, माणूस लागतच नाही. किल्ली हरवली असेल तर मात्र कुलपात ड्रिल घालून ते तोडावं लागतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते सेक्रेटरी किंवा वॉचमन समोर असताना करा. भाडेकरू बदलले की कोणता डबा कोणाचा यात घोळ होतो आणि मग भांडणं माझ्याकडे येतात.

दाराची बिजागरी तुटली असेल आणि डबा पत्र्याचा असेल तर वेल्डिंगवाल्याकडे धावू नका. पातळ पत्र्याला साधं वेल्डिंग केलं की पत्रा जळून भोक पडतं. तिथे रिव्हेट मारलेली लांब पट्टीची बिजागरी टिकते, आणि ड्रिल-रिव्हेट गन असलेला कुठलाही फॅब्रिकेटर, म्हणजे पत्र्या-लोखंडाचं काम करणारा, जागेवर ती बसवून देतो. गंज दिसत असेल तर पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारं लाल अस्तर, आणि मग रंग. गंजावर थेट रंग मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

डबे प्लायवूडचे असतील, जिन्याखाली ओल असेल आणि मागून वाळवी लागली असेल तर एकेका डब्यावर पैसे घालू नका. पूर्ण पॅनेलच बदला. ही जागा सामाईक, म्हणून निर्णय कमिटीचा आणि खर्च सोसायटीचा. नवं पॅनेल सांगताना फॅब्रिकेटरला तोंडी वर्णन करू नका, कागदावर माप काढून द्या. टपालाची फट दहा इंच रुंद आणि दीड इंच उंच ठेवायला सांगा. आमच्याकडे कसोटी साधी आहे, जाडजूड दिवाळी अंक न दुमडता आत गेला पाहिजे. आतल्या बाजूने पट्टी तिरपी वाकवून घ्या, म्हणजे बोटं घालून कुणाला पत्र ओढून काढता येत नाही. तळाला एक बारीक भोक हवं, पाणी गेलंच तर साठणार नाही. खालची ओळ जमिनीपासून निदान दोन फूट वर. नाव आणि फ्लॅट नंबर मराठीत आणि इंग्रजीत, आणि हे काम फॅब्रिकेटरवर सोडायचं नाही, नाहीतर देशपांड्यांचे देशपंडे होतात.

पत्रा कोणता, हा वाद प्रत्येक सभेत होतो. स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरणारे एकजण असतातच. त्यात २०२ आणि ३०४ असे दोन प्रकार सर्रास विकले जातात, २०२ स्वस्त आणि दमट हवेत लवकर डाग धरणारं. लोहचुंबक लावून फरक कळतो असं सांगतात, तो कळत नाही, दोन्हींनाही चुंबक जवळपास चिकटतच नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. माझं मत विचाराल तर जिन्याखालच्या डब्यांना पावडर कोटिंग केलेला साधा पत्रा पुरेसा आहे, उरलेल्या पैशात पाण्याच्या टाकीचं झाकण होतं.

भिंतीवर बसवताना जुन्या इमारतीतलं प्लास्टर पोकळ असतं. बोटाने टकटक करून पाहा, आवाज पोकळ आला तर तिथे रावळप्लग, म्हणजे स्क्रूभोवती बसणारी प्लॅस्टिकची खुंटी, धरणार नाही. प्लास्टरच्या मागच्या विटेपर्यंत जाणारा लांब स्क्रू आणि प्लग लागेल. सोळा डब्यांचं पॅनेल जड असतं, त्याला अँकर फास्टनरच, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट.

माणूस शोधायचा कुठे

सकाळी नऊ-साडेनऊला जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जा. त्या वेळी गल्लीतले सगळे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन काउंटरवर सामान घेत असतात. दुकानदाराला "चांगला माणूस सांगा" असं विचारू नका, तो ज्याची उधारी वसूल व्हायची आहे त्याचं नाव सांगेल. असं विचारा, "तुमच्या स्वतःच्या घरचं काम कोण करतं?" इथे उत्तर देताना तो जरा थांबतो, आणि ते नाव खरं असतं.

दुसरी जागा म्हणजे चालू असलेलं काम. शेजारच्या बिल्डिंगमध्ये टाइल फोडायचा आवाज येत असेल तर जाऊन बघा. माणूस कसा काम करतो हे त्याच्या बोलण्यापेक्षा तो डेब्रिज कुठे टाकतो त्यावरून कळतं. जिन्यात सिमेंटचे पाय उमटवत फिरणारा तुमच्या घरीही तेच करणार.

वॉचमनने आणून दिलेला माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याच्या दरात वॉचमनचा वाटा असतो हे धरून चाला. ॲपवरून बोलावलेल्याचा दर आधीच दिसतो आणि तो वेळेवर येतो. एकच ठराविक काम असेल, पंखा लावायचा, नळ बदलायचा, तर मी खुशाल ॲप वापरते. जुन्या घरातली गुंतागुंत असेल तर नाही, कारण तो माणूस पुढच्या बुकिंगला पळायच्या घाईत असतो आणि पुन्हा तोच येईल याची खात्री नसते. मजूर नाक्यावरून थेट माणूस आणायचा तर फोडणं, वाहणं, माती काढणं अशा कामांना आणा, आणि हजेरी व जेवणाची सुट्टी नाक्यावरच ठरवून घ्या.

फोनवर काय बोलायचं

"नळ खराब झालाय" हे वाक्य निरुपयोगी आहे. नळ कुठून गळतो? तोंडातून, की फिरवायच्या दांड्यापाशी, की भिंतीजवळ? नळ अर्ध्या फेऱ्यात बंद होतो की गोल गोल फिरवावा लागतो? गोल फिरणाऱ्या जुन्या नळात वॉशर बदलून भागतं. अर्ध्या फेऱ्याच्या नळात वॉशर नसतो, आतला स्पिंडल बदलावा लागतो आणि तो कंपनीप्रमाणे वेगळा. एवढं सांगितलंत तर माणूस सामान घेऊनच येतो आणि त्याची एक फेरी वाचते. व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवा, एक जवळून, एक चार पावलं मागे जाऊन. मागे जाऊन काढलेल्या फोटोत त्याला शिडी लागेल का, हात जाईल का, हे दिसतं.

पंखा हळू फिरत असेल तर आधीच सांगा, "कपॅसिटर घेऊन या." घरच्या छताच्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, शंभराच्या आत येतो. तो बदलूनही फरक पडला नाही तरच वाइंडिंगची, म्हणजे मोटरच्या तारा पुन्हा गुंडाळण्याची, चर्चा. उलट क्रमाने बोलणारा इलेक्ट्रिशियन मी दुसऱ्यांदा बोलवत नाही.

दर फोनवरच विचारायचा, आणि एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: "आत काही तुटलं तर?" जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत. वर्षानुवर्षं बसलेला नळ फिरवताना गंजलेला निप्पल, म्हणजे नळ आणि पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा, भिंतीतच तुटतो, आणि तीनशेचं काम टाइल फोडण्यापर्यंत जातं. यात प्लंबरचा दोष नसतो. पण तुटल्यावर ठरवलेला दर आणि तुटण्याआधी ठरवलेला दर यांत फार फरक पडतो. आमचे काका आता स्वतःच सांगतात, "निघाला तर एवढे, तुटला तर तेवढे." मग दोघांनाही घाम फुटत नाही.

घासाघीस करायची तर याच वेळी. काम झाल्यावर पन्नास रुपयांसाठी दारात वाद घालणारे लोक पुढच्या पावसाळ्यात मला फोन करून विचारतात, "तुमचा प्लंबर आमच्याकडे का येत नाही?"

तो यायच्या आधी

पाण्याचं काम असेल तर आदल्या दिवशी घरातला मुख्य कॉक बंद करून बघा. सगळी गंमत इथे आहे. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह फिरतो, पण पाणी थांबत नाही, किंवा फिरतच नाही. मग गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, म्हणजे तुमच्या उभ्या लाइनीवरच्या सगळ्या घरांचं पाणी जातं. ग्रुपवर आधी सांगून सकाळी अकरा ते बारा अशी वेळ ठेवली तर कोणी बोलत नाही. न सांगता केलं तर अंगाला साबण लावलेला माणूस टॉवेल गुंडाळून खाली येतो. मुख्य कॉकच बिघडला असेल तर त्या दिवसाचं पहिलं काम तेच, नळ नंतर.

सामानाचं माझं धोरण असं: शंभर-दोनशेपर्यंतच्या वस्तू, वॉशर, टेफ्लॉन टेप, स्क्रू, त्याने आणाव्यात. नळ, कुलूप, गीझरचा सॉकेट, दाराची लॅच अशा वस्तू मी स्वतः आणते, पण कोणती आणायची ते त्याला विचारून. नुसतं स्वतःच्या मनाने आणलं की हमखास आटे जुळत नाहीत, आणि त्याने आणलं की बिल मिळत नाही. बिल माझ्या नावाचं असेल तर गॅरंटीत बदलून मिळतं. विजेच्या वस्तूंवर आयएसआय खूण पाहा. ओट्याखालचं कपाट दुरुस्त करायचं असेल तर सुताराला आयएस ७१० लिहिलेलं प्लाय आणायला सांगा, तेच पाण्यात तग धरतं. बेडरूमच्या शेल्फला एवढं महाग लागत नाही, तिथे आयएस ३०३ चालतं. शिक्का प्लायवर मारलेला असतो, कापायच्या आधी वाचा. कापल्यावर तो नेमका कापून गेलेल्या तुकड्यावर निघतो.

जागा मोकळी करून ठेवा. ओट्याखालचे डबे त्याच्यासमोर काढायला बसलात तर त्याची पंधरा मिनिटं तुम्ही खाल्लीत. जुनी चादर, बादली, टॉर्च, स्टूल. आणि भिंतीला भोक पाडायचं असेल तर त्याला सांगा कुठे पाडायचं नाही: स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली. वायर आणि पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात.

तो काम करत असताना

चहा विचारा, पाणी तर विचारायलाच हवं. संडास वापरायचा असेल तर कुठला, हेही सांगा. लोक हे सांगत नाहीत, आणि तो बिचारा दिवसभर अवघडतो. "दादा", "काका", "मिस्त्री" जे तोंडात बसेल ते म्हणा, पण स्वतःच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला शेजारची कॉलेजातली मुलं "ए प्लंबर" म्हणतात तेव्हा मी त्यांना तिथेच ऐकवते.

डोक्यावर उभं राहून सूचना देऊ नका. आमच्या ह्यांना ती सवय आहे. घरातल्या प्रत्येक मोडक्या वस्तूवर फेविक्विक हा त्यांचा उपाय, आणि तोच ते सुतारालाही सुचवतात. सुतार येणार असला की मी त्यांना भाजी आणायला पाठवते.

दोन ठिकाणी मात्र हजर राहा. पहिलं, उघडल्यावर. नळ, बोर्ड, लॅच उघडली की तो "ताई, हे बघा" म्हणतो, तेव्हा खरंच बघा. काम वाढणार असेल तर ते इथे ठरतं. दुसरं, शेवटी. बदललेला जुना भाग हातात मागा. यात संशय दाखवायचा नाही, "नमुना ठेवते, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला" म्हणायचं. ते खरंही आहे, माझ्याकडे अशा तुकड्यांचा एक डबा आहे आणि तो अनेकदा कामाला येतो.

पाण्याचं काम झालं की नळ दहा मिनिटं सोडून जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. सीपीव्हीसी, म्हणजे ती पिवळट पांढरी पाइप, चिकटवली असेल तर लगेच पाणी सोडू नका. सोल्युशनच्या डब्यावर वेळ लिहिलेली असते, ती पाळा, मग भले संध्याकाळपर्यंत बादल्यांवर भागवावं लागो. विजेचं काम झालं की गळती करंट पकडणाऱ्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो निकामी आहे, त्याच माणसाला त्याच वेळी सांगा.

जिथे हात आखडता घ्यायचा

मीटरच्या सीलला खासगी इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही, ते महावितरणचं काम. घरात नवी लाइन टाकायची, मेन स्विच बदलायचा तर राज्य सरकारचा वायरमनचा परवाना असलेलाच माणूस हवा, आणि परवाना दाखवा म्हणायला लाजायचं नाही. पाइप गॅसचा कॉक हलवायचा असेल तर गॅस कंपनीला कळवायचं, त्यांचा नंबर बिलावर असतो. ओटा नवा करताना "मी करतो की ताई, दोन इंच तर सरकवायचाय" असं प्लंबर म्हणतो, त्याला हसून नाही म्हणायचं.

बाहेरच्या ड्रेनेज पाइपला गळती असेल तर छज्ज्यावर माणूस उभा करू नका. तो चढेल. पट्टा-दोर नसताना चढेल, कारण त्याला सवय आहे. ते काम सोसायटीचंच आहे. सरकारने सोसायट्यांसाठी दिलेल्या नियमावलीनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आतली सभासदाने. त्यामुळे कमिटीला पत्र द्या आणि पत्राची पोच घ्या. मी सेक्रेटरी असून सांगते, पोच घेतलेल्या पत्रांवर आम्ही आधी हलतो.

आणि चेंबर तुंबलं तर त्यात माणूस उतरवायचा नाही. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत वा गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू एका श्वासात माणसाचा जीव घेतो. "पाचशे जास्त द्या, मी उतरतो" म्हणणारा भेटतो. त्याला चहा देऊन परत पाठवा आणि पालिकेला किंवा मशीनवाल्याला फोन करा.

पैसे

किरकोळ कामाला आगाऊ रक्कम नाही. सामान आणायला द्यायचे तर सामानापुरते, आणि बिल आणायला सांगून. काम झाल्यावर दहा मिनिटांत पैसे. "हे आले की देतात" हे वाक्य उच्चारायचं नाही. यूपीआयने देताना नोंदीत कामाचं नाव टाका, "बेसिन अँगल कॉक", पुढे कधी केलं होतं ते लगेच सापडतं. सोसायटीच्या खर्चाला व्हाउचरवर सही घ्या. कोणी बिलावर १८ टक्के जीएसटी लावला तर नंबर विचारा. वार्षिक २० लाखांपर्यंतची सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला तो कर घेता येत नाही. आपले गल्लीतले कारागीर बहुतेक याच गटातले.

नंबर सेव्ह करताना नुसतं "प्लंबर" लिहू नका. माझ्या फोनमध्ये असं आहे: "प्लंबर ठाकुर्ली, नऊच्या आधी फोन, गीझरलाही चांगला". दुसरा: "सुतार मानपाडा रोड, हात उत्तम, तारखेला दोन दिवस मिळवा".

कधी बोलवायचं

दिवसाइतकाच महिना महत्त्वाचा. मुंबईच्या आसपासचे कारागीर वेगवेगळ्या गावचे, आणि प्रत्येकाचं गाव वेगळ्या महिन्यात त्याला बोलावतं. गणपतीत कोकणातले इलेक्ट्रिशियन आणि रंगारी दिसत नाहीत. होळीला आणि दिवाळीला राजस्थानचे सुतार जातात. उत्तर प्रदेश-बिहारचे दिवाळीला गेलेले छठ करूनच येतात. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले प्लंबर देशभर आहेत, आपल्याकडेही, आणि जूनच्या मध्यावर त्यांचा रजपर्वाचा सण असतो. त्याच सुमारास मराठवाड्यातले गवंडी आणि बिगारी पेरणीला जातात. म्हणजे पहिला पाऊस पडून गच्ची गळायला लागते तेव्हाच माणसं नसतात. गळतीचं काम एप्रिलमध्ये उरकून घ्या.

फुगलेलं दार मात्र पावसाळ्यात रंधून घेऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात ते सुकतं आणि खालून झुरळ जाईल एवढी फट राहते. नवरात्रानंतर बघा, निम्मी दारं आपोआप लागायला लागलेली असतात.

आणि सगळ्यांत मोकळे दिवस म्हणजे पितृपंधरवडा. नवीन कामाचा मुहूर्त कोणी करत नाही, मोठे कंत्राटदार थंड असतात, कोकणातली मंडळी गणपती करून परत आलेली असतात आणि दिवाळीची धावपळ अजून सुरू झालेली नसते. फ्रिजवरचा कागद मी त्याच पंधरवड्यात रिकामा करते. दुरुस्ती म्हणजे काही नवीन काम नव्हे, असं सासूबाईही म्हणायच्या.